कोळ्यांच्या खाण्यातली ओल

कोळी पाळायला सुरुवात केलेले लोक मला कोळ्यांबद्दल फारसं विचारत नाहीत. टॅरंट्युला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, दिवसचे दिवस जागचा हलत नाही, त्यामुळे त्याच्याबद्दलचे प्रश्न लवकर संपतात. मग गाडी येते त्याच्या खाण्यावर. रातकिडे पटापट का मरतात, डुबिया झुरळांना पिल्लं का होत नाहीत, फळमाश्यांच्या डबीत बुरशी का धरली? मी जितके कोळी सांभाळते त्याच्या कितीतरी पट किडे सांभाळते, आणि या सगळ्या प्रश्नांना माझं पहिलं उत्तर हल्ली एकच असतं: आधी डब्यातली ओल बघा. तापमान महत्त्वाचं आहेच, खाणंही आहे. पण फीडर किड्यांची, म्हणजे कोळ्यांना खाऊ घालायला पाळलेल्या किड्यांची, वसाहत कोसळते ती बहुतेक वेळा पाण्यापायी. कुठे ते कमी पडतं, कुठे नको तिथे साठतं, आणि या दोन्ही गोष्टी एकाच डब्यात एकाच वेळी चाललेल्या असू शकतात.

कोळ्याच्या बाजूनंही हा मामला पाण्याचाच आहे. कोळ्याच्या पायातल्या दोन मुख्य सांध्यांमध्ये पाय सरळ करणारे स्नायूच नसतात. दुमडायला स्नायू आहेत, उघडायला मात्र तो अंगातल्या द्रवाचा दाब वापरतो. शिरोवक्षातले (डोकं आणि छाती मिळून झालेल्या पुढच्या भागातले) स्नायू आवळले की द्रव पायांत ढकलला जातो आणि पाय ताणले जातात. म्हणून पाणी कमी पडलेला कोळी पाय पोटाखाली ओढून घेतो. कात टाकतानाही हाच दाब कामी येतो, त्याशिवाय जुन्या कवचाचं झाकण सुटत नाही. टॅरंट्युला वाटीतलं पाणी पितो, जंपिंग स्पायडर हा उड्या मारणारा छोटा कोळी भिंतीवरचे थेंब टिपतो, पण बरंचसं पाणी त्यांना भक्ष्यातून मिळतं. पूर्ण वाढलेल्या रातकिड्याच्या वजनात सुमारे ७० टक्के पाणी असतं. कोळी चावून गिळत नाही. भक्ष्यावर पाचकरस सोडतो, आतलं सगळं पातळ करतो आणि तो रस ओढून घेतो. तहानलेला, आत गेलेल्या पोटाचा रातकिडा पुढ्यात टाकला तर कोळ्याची मेहनत तेवढीच होते आणि पदरात कमी पडतं. त्यामुळे किडा कोळ्याकडे जाण्याआधी एक दिवस त्याला पोटभर गाजर आणि कोंडा मिळालेला असलाच पाहिजे, यावर मी ठाम आहे.

रातकिड्यांपासून सुरुवात करते, कारण ओलीचा सगळा धडा त्यांच्यात आहे. पाळीव रातकिडा म्हणजे अकेटा डोमेस्टिकस, फिकट तपकिरी, डोक्यावर आडवे गडद पट्टे. मोठ्या रातकिड्यांचा डबा कोरडा म्हणजे खडखडीत कोरडा हवा. झाकणाचा मोठा भाग कापून त्याला धातूची जाळी लावायची, कारण प्लॅस्टिकची जाळी ते कुरतडून पार करतात. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावायचे. आडवे ठेवले की खळग्यांत विष्ठा साचते. तळाला माती, भुसा, कागद काहीही घालायचं नाही. कित्येक जण तळाला काहीतरी अंथरतात, कारण ते दिसायला बरं दिसतं. पण त्याखाली विष्ठा आणि मेलेले किडे दडतात, गाजराचं पाणी मुरतं आणि आठवडाभरात डब्यातून अमोनियाचा उग्र वास यायला लागतो. हा वास आला की समजावं, रातकिडे आता मरायला लागणार. पाण्याची उघडी वाटी ठेवली तर ते त्यात बुडतात. स्पंज ठेवला तर तो लवकरच बुळबुळीत होतो. मी गाजराच्या जाड चकत्या देते, त्याही एका छोट्या झाकणात, म्हणजे तळ ओला होत नाही. दुसऱ्या दिवशी उरलेलं उचलायचं, सुकलेलं असो की ताजं.

या कोरड्या घरात ओली जागा एकच, अंडी घालायची वाटी. साधारण दोन बोटं खोल कोकोपीट भरायचं. मुठीत घट्ट दाबल्यावर एखादा थेंब यावा, धार येऊ नये, इतपत ओलं. वर बारीक जाळी ताणून बसवायची, नाहीतर रातकिडे वाटी उकरतात आणि स्वतःचीच अंडी खातात. मादी ओळखणं सोपं आहे. तिच्या पोटाच्या टोकाला दोन शेपट्यांच्या मधोमध एक लांब सरळ नळी असते. दिवा मंद करून मी या वाटीशी बसते तेव्हा वेळ कसा जातो कळत नाही. मादी जाळीवर चढते, तोंडाजवळच्या स्पर्शकांनी पृष्ठभाग चाचपते, एकदोन ठिकाणी नळी टेकवते, काढते. मग एके ठिकाणी पोट कमान करून वर उचलते आणि नळी उभी खाली रोवते, पार मुळापर्यंत. थांबते. पोटाच्या कडा किंचित आत-बाहेर होतात. नळी अर्धी वर येते, जरासा कोन बदलून पुन्हा खाली जाते. आजूबाजूचे नर धक्के देतात तरी ती हलत नाही. कोकोपीट वरून सुकलेलं असलं तर हीच मादी नळी टेकवते, काढते आणि निघून जाते. तिच्याइतकं अचूक ओल मोजणारं यंत्र माझ्याकडे दुसरं नाही.

ती वाटी दोन-तीन दिवसांनी काढून झाकणाच्या डब्यात ठेवायची आणि ३० अंशांच्या आसपास उबेला ठेवायची. अंडी फिकट पिवळी, तांदळाच्या कणीएवढी लांबट. दहाएक दिवसांत त्यांतून पिल्लं निघतात, आणि मग खरी कसरत सुरू होते. नुकतं जन्मलेलं रातकिड्याचं पिल्लू जेमतेम दोन मिलिमीटरचं असतं. त्याच्या एवढ्याशा अंगातलं पाणी काही तासांत उडून जाऊ शकतं. म्हणून डबा ओलसर ठेवावा, तर भिंतींवर बाष्प धरतं आणि तीच पिल्लं थेंबांना चिकटून मरतात. मोठ्यांना मारणारी ओल आणि पिल्लांना जगवणारी ओल यांत अंतर फार थोडं. माझी पद्धत अशी: पिल्लांच्या डब्यात एका बाजूला चुरगाळलेला, जेमतेम ओलसर टिश्यू पेपर, दुसरी बाजू पूर्ण कोरडी, तिथे बारीक दळलेलं खाणं आणि बटाट्याची पातळ कापं. कुठे बसायचं ते पिल्लं स्वतः ठरवतात. झाकणाचा थोडा भाग जाळीचा. ती जरा मोठी झाली, तुरुतुरु पळू लागली, की ओला कागद काढून टाकायचा.

रातकिड्यांच्या आवाजाची तक्रार बरेच जण करतात. गातात ते फक्त नर, पुढचे पंख एकमेकांवर घासून. मला तो आवाज आवडतो आणि तो उपयोगीही आहे. जोरदार, एकसंध आवाज येत असेल तर डब्यात ऊब ठीक आहे आणि नर प्रौढ झाले आहेत. गार पडलं की लय मंदावते. ज्यांना हा आवाज झोपू देत नाही त्यांनी रातकिड्यांच्या वाटेला जाऊ नये, डुबिया पाळाव्यात.

एक गोष्ट मात्र ओलीच्या हिशेबात बसत नाही, ती सांगायला हवी. अकेटा डोमेस्टिकसला एका डेन्सोव्हायरसची लागण होते. २००० नंतरच्या दशकात युरोपातल्या आणि २००९-१० च्या सुमारास उत्तर अमेरिकेतल्या मोठमोठ्या रातकिडा-पैदास केंद्रांत या विषाणूनं वसाहतीच्या वसाहती रिकाम्या केल्या. किडे मोठे होता होता मलूल पडतात, उलटे होऊन पाय झाडतात आणि मरतात. औषध नाही. सगळं टाकून, डबे निर्जंतुक करून नव्यानं सुरुवात करावी लागते. त्यामुळेच अनेकांनी ग्रिलस बायमॅक्युलॅटस हा काळा, पंखांच्या बुडाशी दोन पिवळे ठिपके असलेला रातकिडा धरला, कारण या विषाणूपुढे तो टिकतो. तो जास्त आक्रमक आहे, चावतोही. नवे किडे आणले की ते जुन्यांत थेट न मिसळता वेगळ्या डब्यात ठेवून बघावेत, एवढी काळजी आपल्या हातात आहे.

आता डुबिया. ब्लॅप्टिका डुबिया हे दक्षिण अमेरिकेतलं झुरळ. झुरळ म्हटलं की घरचे दचकतात, पण डुबियाला काचेवर किंवा गुळगुळीत प्लॅस्टिकवर चढता येत नाही, ती आवाज करत नाही आणि डबा कोरडा असेल तर तिला जवळपास वासही नसतो. नराला पूर्ण पंख असतात, मादीला नुसती पंखांची खुंटं. मादी अंडी बाहेर घालत नाही. अंड्यांची पेटी ती काही वेळ बाहेर काढते, मग पुन्हा पोटात ओढून घेते आणि साधारण दोन महिन्यांनी एका वेळी वीस-तीस जिवंत पिल्लांना जन्म देते. पिल्लू प्रौढ व्हायला उबेतही चार ते सहा महिने लागतात. म्हणजे डुबियांच्या बाबतीत घाई करून काही होत नाही. पहिले कितीतरी महिने वसाहतीतून एकही किडा काढायचा नाही, नंतर मात्र ती पुष्कळ देते. तीन-चार माद्यांमागे एक नर पुरतो. जास्तीचे नर आधी कोळ्यांना द्यावेत.

पिल्लं होत नाहीत अशी तक्रार आली की मी दोन गोष्टी विचारते. ऊब आहे का? २८ ते ३२ अंश हवेत; त्याखाली त्या जगतात, पण पैदास फार मंदावते. दुसरं, रोज डबा उघडून ट्रे हलवून बघता का? अस्वस्थ झालेली मादी अंड्यांची पेटी अर्धवटच टाकून देते. तळाशी अशा सुकलेल्या पिवळसर पेट्या सापडल्या तर डबा अंधारात ठेवा आणि आठवड्यातून एकदाच हात घाला. ओलीचं गणित इथे जरा वेगळं आहे. हवा अगदीच कोरडी असली तर पिल्लं कातीत अडकतात, पाय वाकडे होतात. पण त्यासाठी पाणी फवारायचं नाही, रसदार खाणं वाढवायचं. नुकतीच कात टाकलेली डुबिया पांढरीशुभ्र असते, डोळे तेवढे काळे. काही तासांत ती आधी बदामी, मग तपकिरी होते. मऊ कवचाची ही डुबिया कोळ्याला अगदी सोपी पडते, म्हणून नुकतंच खायला लागलेल्या अशक्त कोळ्यासाठी मी ती बाजूला काढते.

डुबियांना मांजराचं कोरडं खाणं भरपूर घालावं असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. झुरळांचं शरीर जास्तीचं नायट्रोजन बाहेर न टाकता युरिक आम्लाच्या रूपात चरबीत साठवून ठेवतं, आणि त्याच चरबीत राहणारे ब्लाटाबॅक्टेरियम नावाचे जीवाणू गरज पडेल तेव्हा त्यातून पुन्हा अमिनो आम्लं बनवतात. ही व्यवस्था दुष्काळासाठी आहे. रोज प्रथिनं ओतली की नुसता साठाच वाढत जातो. मी कोंडा, ओट्स आणि थोडं डाळीचं पीठ एकत्र दळून देते, जोडीला गाजर आणि आठवड्यातून एखादं फळ. फळ रात्री ठेवायचं, सकाळी काढायचं.

मीलवर्म, म्हणजे टेनेब्रियो मॉलिटर या भुंग्याच्या अळ्या, हे ओलीच्या बाबतीत सगळ्यात काटक. खोलगट ट्रेमध्ये गव्हाचा कोंडा, वर गाजराचा एखादा तुकडा, झालं. कोंड्याच्या पचनातूनच त्या पाणी मिळवतात. त्याहून थक्क करणारी गोष्ट म्हणजे हवेतली आर्द्रता ८८ टक्क्यांच्या वर असेल तर मीलवर्मची अळी गुदाशयाच्या भिंतीतून हवेतली वाफ थेट अंगात ओढून घेऊ शकते. धान्याच्या कोठारात जगलेल्या किड्याचा हा वारसा आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून त्या ट्रेकडे मी वेगळ्या आदरानं बघते.

पण म्हणून ट्रे ओला ठेवायचा नाही, कारण ही कला त्यांच्या शत्रूलाही येते. धान्यातले माइट, डोळ्यांना पिठाच्या धुळीएवढेच दिसणारे, तेसुद्धा हवेतल्या वाफेवरच जगतात. फरक एवढाच की त्यांना ६५-७० टक्के आर्द्रताही पुरते. ट्रेच्या कडेनं हलणारी बदामी धूळ दिसली तर ती धूळ नसते. मग गाजर बंद, कोंडा बदलायचा आणि ट्रे हवेशीर, कोरड्या जागी. मीलवर्म त्या कोरडेपणात तग धरतात, माइट धरत नाहीत. नवा कोंडा आणला की आधी काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग खोलीच्या तापमानाला आणून वापरायचा, म्हणजे बाहेरून येणारे पाहुणे बरेच कमी होतात. पण डबा न उघडता आणायचा, नाहीतर गार कोंड्यावर बाष्प धरतं आणि आपणच ओल घरात आणतो.

कोळ्यांना मात्र मीलवर्म मी बेतानंच देते. त्यांच्यात चरबी जास्त असते, वजनाच्या सुमारे १३ टक्के, रातकिड्यात ती याच्या निम्म्यानं असते. शिवाय पिंजऱ्यातल्या मातीत ती अळी चटकन घुसते, कोळ्याला सापडत नाही, आणि कोळी कात टाकायला आडवा झाला की नेमकी वर येते. म्हणून डोकं चिमट्यानं दाबूनच द्यायची. सुपरवर्म, म्हणजे मीलवर्मसारख्याच पण मोठ्या अळ्या, यांच्या बाबतीत तर हे हवंच, त्यांचे जबडे चांगले मजबूत असतात. सुपरवर्मची पैदास करायची असेल तर एक गंमत लक्षात ठेवा: ते घोळक्यात असेपर्यंत कोष करत नाहीत. एकेकाला वेगळ्या छोट्या डबीत, खाण्याशिवाय ठेवलं की मग कोष होतो.

फळमाश्यांशिवाय जंपिंग स्पायडरची पिल्लं वाढवता येत नाहीत, निदान मला तरी दुसरा मार्ग सापडलेला नाही. दोन जाती लागतात. ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर बारीक आणि झटपट, पिढी १०-१२ दिवसांत तयार. ड्रोसोफिला हायडेई तिच्याहून मोठी आणि संथ, तिला तीन आठवड्यांच्या आसपास लागतात. दोन्ही न उडणाऱ्या वाणांच्या घ्यायच्या. थॉमस हंट मॉर्गननी ज्या मेलॅनोगॅस्टरच्या पांढऱ्या डोळ्यांवरून १९१० साली जनुकं गुणसूत्रांवर असतात हे उलगडत नेलं, तीच ही माशी. खुरट्या पंखांचा वाणही त्या काळातल्याच प्रयोगशाळांमधून आला. या वाणाचे पंख उष्णतेत वाढवलेल्या पिढीत लांब होतात, म्हणून फळमाश्यांची डबी हीटरजवळ कधीही ठेवू नये. २५ अंशांच्या आसपास उत्तम.

डबीत सुक्या बटाट्याचा चुरा, साखर, यीस्ट, थोडं व्हिनेगर आणि पाणी. व्हिनेगरमुळे बुरशीला आळा बसतो. मिश्रण चमच्यानं ओढलं की खूण राहावी, पाणी सुटू नये. अळ्या ते ढवळत जातात तसं ते आपसूक पातळ होत जातं. आधीच सैल केलं तर आठवड्यानं डबीत नुसतं सूप आणि त्यात बुडालेल्या माश्या. कोष करायला अळ्या ओलीतून वर, कोरड्याकडे चढतात, त्यासाठी लाकडाचा भुगा नव्हे तर लांब कुरळ्या चिप्स किंवा दुमडलेला कागद उभा घालायचा. म्हणजे पुन्हा तेच, एकाच डबीत ओलं आणि कोरडं दोन्ही हवं. डबी उघडण्याआधी टेबलावर दोनदा आपटायची. माश्यांची धाव नेहमी वरच्या दिशेनं असते, त्यामुळे त्या खाली पडल्या की हातात काही क्षण मिळतात. महिन्यावर जुनी झालेली डबी, कितीही माश्या निघत असल्या तरी, बाद करायची, कारण माइट जुन्या डब्यांमध्येच वाढतात.

आणि मग तो क्षण. नखाएवढं सुद्धा नसलेलं जंपिंग स्पायडरचं पिल्लू माशीकडे वळतं, मधले दोन मोठे डोळे तिच्यावर रोखतं. माशी चालते तसं तेही अंगाचा कोन बदलत राहतं. एक धागा खाली चिकटवतं, मग उडी. माशी पकडूनच ते त्या धाग्यावर लोंबकळतं. खायला बराच वेळ लागतो. पोट फुगत जातं, रंग उजळतो, आणि ते पोट बघूनच मला कळतं की डबीतल्या माश्या चांगल्या खाऊन वाढल्या आहेत.

हे शेवटचं वाक्य मी उगाच लिहीत नाही. डेन्मार्कमधले संशोधक डेव्हिड मेंट्झ आणि सोरन टॉफ्ट यांनी २००१ साली लांडगा-कोळ्याच्या पिल्लांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. पिल्लांना दिल्या फळमाश्याच, पण वेगवेगळ्या खाद्यावर वाढवलेल्या. माश्या कशावर वाढल्या यावर पिल्लांची वाढ आणि जगणं दोन्ही बदललं. कोळ्याला सरड्यासारखी हाडं नाहीत, त्यामुळे किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरायची गरज नाही. पण किडा उपाशी ठेवून, तो स्वस्तात वाढवून कोळी धष्टपुष्ट होईल ही अपेक्षा चुकीची आहे.

खायला घालताना मी तीन गोष्टी पाळते. किडा कोळ्याच्या पोटापेक्षा मोठा नको. अगदी लहान पिल्लाला मारलेला किडा किंवा त्याचा तुकडाही चालतो. कोळ्यानं तोंड फिरवलं की जिवंत किडा त्याच दिवशी बाहेर काढायचा. भुकेला रातकिडा कात टाकणाऱ्या टॅरंट्युलाला कुरतडतो आणि त्या अवस्थेत तो मोठा कोळी काहीही करू शकत नाही. कात टाकून झाल्यावर सुळे पांढरे असतात, मग लालसर, मग काळे होतात. काळे होईपर्यंत फक्त पाणी. तिसरी गोष्ट, खाऊन टाकलेली भक्ष्याच्या चोथ्याची गोळी दुसऱ्या दिवशी चिमट्यानं उचलायची. ओलसर पिंजऱ्यात ती पडून राहिली तर बारीक फोरिड माश्या येतात. २०२२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड केंद्रातल्या संशोधकांनी टॅरंट्युलांना मारणाऱ्या एका सूक्ष्म कृमीचं वर्णन केलं, टॅरँटोबेलस जेफडॅनिएल्सी. तोंडाजवळ पांढरट थर येतो, कोळी खाणं सोडतो आणि हळूहळू जातो. या कृमींना हलायला पाण्याचा पातळ थर लागतो, हे वेगळं सांगायला नको. फोरिड माश्या त्यांचा प्रसार करत असाव्यात असा संशय आहे. बागेतून पकडलेले किडे मी देत नाही, याचं एक कारण हे परजीवी आणि दुसरं कीटकनाशकं. बाहेरच्या किड्यानं आदल्या दिवशी काय खाल्लं ते आपल्याला कळायला मार्ग नसतो.

किड्यांबद्दलही एक म्हणायचं आहे. 'शेवटी खाऊनच टाकायचे आहेत' म्हणून त्यांना घाणीत, गर्दीत, तहानलेलं ठेवणारे लोक मला बघवत नाहीत. त्यांचं आयुष्य लहान असेल, पण ते माझ्या हातात आहे. अंधार, लपायला जागा, पाणी, ताजं खाणं, एवढं त्यांना मिळालंच पाहिजे. नको झालेली वसाहत बाहेर सोडायची तर अजिबात नाही. परकी जात मोकळी सुटली तर ती परत गोळा करता येत नाही. अशा वेळी फ्रीझर हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. काही देशांत डुबिया पाळायलाच बंदी आहे, तेव्हा आपल्याकडचा नियम आधी बघावा. झुरळांची सुकी विष्ठा आणि कातीचा भुगा यांनी कालांतरानं ॲलर्जी होऊ शकते; डबे साफ करताना मी मास्क लावते आणि खिडकी उघडते, मग काम पाच मिनिटांचं का असेना.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना माझा सल्ला: एकदोन मोठे टॅरंट्युला असतील तर फक्त डुबिया पाळा आणि पहिले सहा महिने त्यांच्याकडून काही मागू नका, तोवर रातकिडे विकत आणा. बारीक पिल्लं असतील तर मेलॅनोगॅस्टरच्या दोन डब्या, आठवड्याच्या अंतरानं लावलेल्या, म्हणजे एक ओसरताना दुसरी भरात येते. रातकिड्यांची पैदास त्यानंतर, जेव्हा डब्यात नाक घालून ओल आहे की नाही हे सांगता यायला लागेल तेव्हा. मीलवर्मचा ट्रे कधीही चालेल, त्याला तुमची फारशी गरज नसते.